पावसाने आखलेल्या सीमा

नकाशावर अकोला आणि सेमाडोह यांच्यामध्ये सरळ रेषा ओढली, तर ती शंभर किलोमीटरही भरत नाही. एवढ्या अंतरात आपण दोन वेगळ्या मुलखांतून जातो. अकोल्याच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन पसरलेली आहे. कपाशी-तुरीच्या शेतांतून बाभूळ, हिवर, बोर अशी काटेरी झाडे विरळ उभी असतात आणि जिथे नांगर पोचला नाही तिथे कुसळीचे, मारवेलचे गवत असते. परतवाडा ओलांडून गाविलगडच्या डोंगरात शिरले आणि घटांग मागे पडले, की साग सुरू होतो. मग ऐन, धावडा, तिवस, लेंडिया, हळदू, मोह आणि उतारांवर बांबूची बेटे. सिपना नदीकाठच्या सेमाडोहला पोचेपर्यंत दोन्ही अंगांनी जंगल आपल्याला घेरून टाकते. अकोल्याला वर्षाकाठी साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. याच डोंगरात सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला त्याच्या जवळपास दुप्पट. पावसाळा दोन्हीकडे एकच. मध्ये सातपुड्याची ही रांग आडवी येते, ढगांना वर चढावे लागते, वर गेलेली हवा थंडावते आणि पाणी सोडते. याच पावसाळ्याचा माग घेत वायव्येकडे जैसलमेरपर्यंत गेलो, तर वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो आणि समोर थरचे वाळवंट उभे राहते.

माळ, जंगल आणि वाळवंट यांच्या सीमा पाऊस आखतो, ही गोष्ट आज शाळेच्या भूगोलात दोन ओळींत संपते. त्या दोन ओळींमागे दोन हजार वर्षांचा प्रवास आहे. वैद्य, कोठारांचे अधिकारी, ज्योतिषी, गुराखी, वनाधिकारी आणि हवामानतज्ज्ञ अशा अनेकांच्या हातांतून ही कल्पना गेली. मध्येच ती हरवली, एकदा तर पुरती उलटी झाली, आणि तिच्याविषयीचा एक निर्णायक पुरावा अगदी अलीकडे वऱ्हाडातल्याच लोणारच्या तळ्याच्या गाळात सापडला. आपण तिचा माग जुन्या टोकापासून काढू.

या कल्पनेचे पहिले स्पष्ट रूप आपल्याला वैद्यकात दिसते. औषधी कोणत्या भूमीतून गोळा कराव्यात, हे सांगण्यासाठी आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार केले : जांगल, आनूप आणि साधारण. चरकसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे दृढबलाने पूर्ण केलेल्या भागात, या तिन्हींची सविस्तर लक्षणे येतात. आनूप देश पाणथळ, नद्यांचा आणि समुद्रकाठचा; तिथे नारळ, केळ, तमाल. जांगल देश मोकळ्या आकाशाचा, कोरड्या रुक्ष वाऱ्याचा, मृगजळाचा. तिथली झाडे कोणती, याची यादी वाचताना सातपुड्यातला मेळघाट जाणणारा माणूस थबकतो. खैर, असाणा, धावडा, तिवस, सालई, बोर, तेंदू, आवळा : आज सेमाडोहच्या आसपासच्या टेकड्यांवर हीच नावे मोजता येतात. ज्याला आपण दाट अरण्य म्हणतो त्याची बरीचशी झाडे त्या वैद्यांनी कोरड्या भूमीच्या खाती मांडली होती. झाडांचा समूह बघून भूमीतला ओलावा ओळखायचा आणि ओलाव्यावरून तिथल्या माणसांचे विकारही ताडायचे, ही त्यांची रीत होती. जांगल देशात वात आणि पित्त बळावते, आनूप देशात कफ आणि वात, असे त्यांचे निदान होते. निदान आज कोणी मानो वा न मानो, त्याच्या पायाशी असलेले निरीक्षण मात्र पुढच्या सगळ्या शास्त्राचे बीज होते.

वैद्याने ओलावा झाडांवरून ताडला. तो मापाने मोजण्याची गरज राज्याला पडली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या आवारात पाऊस मोजण्यासाठी एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, तोंडाचे भांडे ठेवावे असे सांगितले आहे. शेतीचा अधिकारी जो सीताध्यक्ष, त्याच्या प्रकरणात तर देशोदेशीचा पाऊस द्रोणांत दिला आहे : जांगल देशात १६ द्रोण, आनूप देशात त्याच्या दीडपट, अवंतीत २३, अश्मकात तेराच्या आसपास, आणि अपरांतात, म्हणजे कोकणात, अमर्याद. या आकड्यांकडे आपण सावकाश पाहायला हवे. अश्मक हा गोदावरीकाठचा देश, वऱ्हाडच्या दक्षिणेचा शेजारी. घाटाच्या पश्चिमेला मोजता न येणारा पाऊस आणि घाट ओलांडला की तो झपाट्याने आटतो, हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचे चित्र इथे प्रथमच आकड्यांत उतरले आहे. वैद्यांची जांगल-आनूप विभागणी आणि प्रशासनाचे माप या ग्रंथात एकत्र आले, ही या इतिहासातली पहिली मोठी सांधेजोड. दुर्दैवाने हा ग्रंथच पुढे शतकानुशतके नजरेआड राहिला. म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी १९०५ च्या सुमारास आली आणि १९०९ मध्ये तो छापला गेला. तोपर्यंत युरोपीय वनाधिकाऱ्यांनी हीच विभागणी स्वतंत्रपणे, पहिल्यापासून पुन्हा केली होती.

सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत पावसाच्या मोजमापावर आणि मेघांच्या गर्भधारणेवर प्रकरणे लिहिली. त्याचे दकार्गल हे प्रकरण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. कोणत्या झाडाजवळ वारूळ असेल तर किती खोलीवर पाणी लागेल, हे त्यात झाडाझाडाच्या नावाने सांगितले आहे. पाणी झाडे घडवते, तर झाडे पाण्याचा पत्ताही सांगू शकतील, हा उलटा विचार त्यात आहे. शास्त्रकारांच्या जोडीला लोकांचे ज्ञानही वाढत होते. नक्षत्रांवर बांधलेला पावसाचा हिशोब, सहदेव-भाडळीची भाकिते, अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला होणारी घटमांडणी, हे सगळे एकाच चिंतेचे आविष्कार होते. त्यात एक बारकावा होता. शेतकऱ्याला वर्षाची बेरीज कधीच पुरेशी वाटली नाही. मृगात किती, आर्द्रात किती, मघात उघाड की झड, हस्ताचा आला की गेला, असे त्याचे प्रश्न होते. पावसाच्या एकूण आकड्याइतकेच त्याचे महिन्यांतले वाटप महत्त्वाचे, हे सत्य विज्ञानाने पुढे बऱ्याच वळणांनी गाठले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ते नक्षत्रांच्या नावाने आधीच जपून ठेवले होते.

मध्ययुगात या भूमीचे वर्णन आपल्याला शास्त्रग्रंथांबाहेर शोधावे लागते. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाचे केंद्र होते आणि तिथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या पायी भ्रमंतीच्या त्या नोंदींत लोणार, मेहकर, गोदेचा काठ येतात. वाटा, झाडे, विहिरी, गुरे येतात. असे जुने मराठी वाङ्मय हा पर्यावरणाच्या इतिहासाचा दस्तऐवज ठरू शकतो, हे अलीकडेच ठळकपणे पुढे आले. २०२५ मध्ये आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या कथा, काव्ये आणि लोकगीतांतली रानझाडांची नावे वेचली. त्यांत हिवर, बाभूळ, तरवड अशी मोकळ्या, उजेडाच्या माळावर वाढणारी झाडे वारंवार भेटली. तिथला माळ किमान ७५० वर्षे माळच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याचे महत्त्व पुढच्या एका मोठ्या वादात कळेल.

आता आपण एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण इथे कथा वेग घेते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने १८०२ मध्ये अँडीज पर्वतातल्या चिंबोराझोवर चढाई केली आणि पायथ्यापासून हिमरेषेपर्यंत वनस्पती पट्ट्यापट्ट्यांनी कशा बदलतात, याचा प्रसिद्ध आलेख काढला. १८०७ मध्ये वनस्पतींच्या भूगोलावरचा त्याचा निबंध प्रकाशित झाला. हवामान आणि वनस्पती यांचे नाते नकाशावर मांडता येते, ही दृष्टी त्याने दिली. भर मात्र उष्णतेवर आणि उंचीवर होता. उष्ण कटिबंधात, जिथे बारा महिने ऊब पुरेशी असते, तिथे निर्णय पाण्याच्या हाती जातो. हे युरोपात बसून नीट दिसण्यासारखे नव्हते. त्यासाठी भारत हवा होता.

भारतात त्या वेळी राज्यकर्त्यांना वेगळीच धास्ती होती : जंगल तुटले तर पाऊसच जाईल. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, त्यामागे ही चिंता होती. मद्रासेत एडवर्ड बाल्फोरने झाडे पाऊस आणतात या विषयावर १८४९ मध्ये टिपण लिहिले. म्हणजे पाऊस रान घडवतो या विचाराच्या बरोबरीने रान पाऊस घडवते हा विचारही वाढत होता. दोन्ही पुढे कधी हातात हात घालून, कधी एकमेकांवर आदळत चालले.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. ए. सी. लायल यांनी संपादित केलेल्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये प्रांताचे जुने तीन भाग नोंदले आहेत : पूर्णेच्या खोऱ्याचा पयनघाट, अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट आणि सातपुड्यातला मेळघाट. जुन्या महसुली विभागणीतली ही नावे जमिनीच्या उंचीवर बेतलेली होती आणि उंचीबरोबर पाऊस, पावसाबरोबर पीक आणि रान बदलत असल्याने पावसाचेही विभाग त्यांनी आपोआप दाखवले. त्याआधीच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव भडकला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि पयनघाटातली गायराने झपाट्याने नांगराखाली गेली. मेळघाटच्या सागाला मात्र सरकारी पहारा बसला. गवत आणि जंगल यांच्या नशिबांची ताटातूट झाली ती इथे. साग महसूल देत होता, म्हणून त्याला संरक्षण मिळाले. गवताची किंमत गुरे राखणाऱ्या माणसाला ठाऊक होती. सरकारी हिशोबात ते पडीक ठरले. आजही वऱ्हाडात अशा सरकारी चराऊ जमिनीला लोक ई-क्लास म्हणतात.

या काळात डिट्रिख ब्रँडिस हे नाव आपल्याला थांबवते. जर्मनीतल्या बॉनचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागाच्या जंगलांवर आला आणि १८६४ मध्ये भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. १८७२ मध्ये भारतातल्या जंगलांच्या वितरणावर त्याने जे लिहिले, ते या मागोव्यातले मोठे वळण आहे. देशभरच्या पर्जन्यमापकांचे आकडे आणि आपल्या दौऱ्यांत पाहिलेली जंगले त्याने एकमेकांवर ठेवली आणि देशाचे रुक्ष, कोरडे, ओले असे पर्जन्यपट्टे पाडले. साधारण १५ इंचांखाली वाळवंटी मुलूख. त्यावर काटेरी, खुरटे रान. चाळीस इंचांच्या पुढे, म्हणजे सुमारे १००० मिलिमीटरनंतर, भरघोस जंगल. आणि ७५ इंचांच्या वर सदाहरित. चाळीस इंचांची ती रेषा आपण वऱ्हाडावर टेकवून पाहू. पूर्णेचे खोरे तिच्या खाली राहते, मेळघाट तिच्या वर. परतवाड्यापुढे साग सुरू होतो, त्यामागचे गणित असे पहिल्यांदा कागदावर आले.

१८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. १८८७ मध्ये त्याने उलट्या प्रश्नाला हात घातला. मध्य प्रांताच्या दक्षिण भागात दह्या, म्हणजे रान जाळून केली जाणारी फिरती शेती, १८७५ पासून आवरली गेली होती आणि रान पुन्हा भरत होते. त्याआधीचा आणि नंतरचा पाऊस ताडून पाहता तो वाढलेला दिसतो, असे त्याने दाखवले. जंगल राखण्याच्या बाजूने हा फार मोठा आधार ठरला. पण जंगलालगत राहणाऱ्या आदिवासींच्या शेतीवरचे निर्बंधही त्यातून बळकट झाले. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले. १९१० मध्ये हवामान खात्याचाच प्रमुख गिल्बर्ट वॉकर याने साऱ्या देशाचे आकडे चाळून निर्वाळा दिला, की जंगलतोडीमुळे पाऊस बदलल्याचा पुरावा त्यांत सापडत नाही. मोसमी पावसाची सूत्रे फार दूर, महासागरांच्या पलीकडे हलतात, हे ओळखणारा शास्त्रज्ञ तो हाच. त्यानंतर जंगलाने पाऊस येतो हा विचार शास्त्रात बराच काळ मागे पडला.

याच सुमारास युरोपात दोन माणसांनी ब्रँडिससारख्यांच्या नोंदींना जागतिक रूप दिले. आंद्रेआस शिंपरने १८९८ मध्ये वनस्पतिभूगोलावरचा आपला महाग्रंथ प्रकाशित केला आणि अवघ्या ४५ व्या वर्षी, १९०१ मध्ये, तो वारला. उष्ण कटिबंधातल्या रानांची वर्षावन, मोसमी वन, सॅव्हाना वन आणि काटेरी वन अशी उतरत्या ओलाव्याची क्रमवारी त्याने लावली. कोरड्या ऋतूत पाने टाकणारे आणि पावसाबरोबर पालवणारे मोसमी वन त्यात स्वतंत्र प्रकार म्हणून उभे राहिले, ते भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनाधिकाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांच्या बळावर. मेळघाटचे जंगल जगाच्या शास्त्रात आपल्या हक्काच्या नावाने शिरले ते असे. दुसरा माणूस म्हणजे व्लादिमिर क्योपेन. पीटर्सबर्गला जन्मलेल्या आणि क्रिमियात वाढलेल्या या हवामानतज्ज्ञाने रशियाच्या उत्तर-दक्षिण प्रवासांत वनस्पती बदलताना पाहिल्या होत्या. १९०० मध्ये त्याने जगाच्या हवामानाचे वर्गीकरण केले, ते वनस्पतींनाच मापनयंत्र मानून. त्याची पुढे रूढ झालेली कोरड्या हवामानाची कसोटी आपण वऱ्हाडाला लावून पाहू. उन्हाळी पावसाच्या मुलखात वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचे आणि त्यात २८० मिळवायचे. अकोल्याचे सरासरी तापमान २७ अंश धरले तर उत्तर ८२० मिलिमीटर येते. पाऊस त्याच्या वर गेला तर झाडांचा मुलूख, खाली आला तर गवताचा, आणि निम्म्याहून, म्हणजे ४१० हून, खाली उतरला तर वाळवंट. अकोला त्या सीमारेषेच्या अगदी काठावर उभे आहे. एखाद्या वर्षी ते झाडांच्या बाजूला, एखाद्या वर्षी गवताच्या. या सूत्रात उष्णता शिरली हे महत्त्वाचे. मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात जमीन किती पाणी गमावते, ते मोजल्याशिवाय पावसाच्या आकड्याला अर्थ येत नाही.

१९३६ मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतल्या एच. जी. चॅम्पियन यांनी भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांचा पहिला पद्धतशीर आढावा घेतला. १९६८ मध्ये त्यांनी आणि एस. के. सेठ यांनी त्याची सुधारित आवृत्ती सोळा मुख्य गटांत मांडली. आजही मेळघाटच्या प्रत्येक वनआराखड्यात दक्षिण उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन ही त्यांची संज्ञा येते. हे काम पायाभूत होते, पण त्यात एक गृहीतक दडले होते. अमेरिकेच्या फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ मध्ये मांडलेल्या विचाराचा तेव्हा प्रभाव होता. प्रत्येक हवामानाचे एक अंतिम, परिपूर्ण रूप असते आणि मोकळे सोडले तर रान त्याच दिशेने चालत जाते, असा तो विचार. भारतीय संदर्भात अंतिम रूप म्हणजे जंगल असे धरले गेले. मग गवताचे प्रत्येक रान हे कुऱ्हाडीने, आगीने आणि चराईने मोडलेले जंगल ठरले. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारताच्या गवतांचा मोठा सर्व्हे प्रसिद्ध केला. दख्खनच्या माळावरची पवन्या-मारवेलची जोडी त्यांनी गवतांचा एक मुख्य प्रकार म्हणून नोंदवली, पण या साऱ्या गवताळ रानांना अंतिम रूपाचा मान द्यायला तेही तयार नव्हते. माळ म्हणजे पडझड, हा समज असा शास्त्रशुद्ध वेषात स्थिरावला.

त्याला पहिला मोठा धक्का एकविसाव्या शतकात बसला. २००५ मध्ये महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांच्या नोंदी एकत्र केल्या. वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरच्या खाली झाडांच्या छायेची कमाल मर्यादा पाऊसच ठरवतो, असे त्यांना आढळले. त्याच्या वर पाणी जंगलाला पुरेसे असते आणि तरीही रान मोकळे असेल, तर ते आग आणि चरणारी जनावरे यांच्यामुळे. २०११ मध्ये स्टेव्हर आणि सहकाऱ्यांनी जगाचा पट मांडला. १००० ते २५०० मिलिमीटरच्या मधल्या पट्ट्यात कोरडे महिने सातांपेक्षा कमी असतील, तर तेवढ्याच पावसावर जंगल आणि गवताळ रान दोन्ही टिकू शकतात, आणि निवाडा आग करते. कोरडे महिने सातांच्या पुढे गेले, की पारडे गवताकडे झुकते. मेळघाटचा पाऊस १००० ते २२५० मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले सात-आठ महिने कोरडे. म्हणूनच इथला साग उन्हाळ्याआधी पाने टाकतो, तळाशी उजेड उतरतो आणि गवत वाढते. त्या गवतावर सांबर, चितळ आणि गवा जगतात, त्यांच्यावर वाघ जगतो. २०११ मध्येच जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी प्रश्न विचारला, की आशियातली अशी मोकळ्या छताची, तळाशी गवत असलेली जंगले खरे तर सॅव्हाना, म्हणजे झाडे असलेली गवताळ राने, आहेत की काय. ज्याला दाट जंगल म्हणून आपण अभिमानाने दाखवतो, त्याचा अर्धा जीव गवतात आहे, ही जाणीव मेळघाटकडे पाहण्याची दृष्टी बदलणारी आहे.

मग माळ आधी की माणूस आधी? हा प्रश्न शेवटी वऱ्हाडातच सुटला. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवरातल्या तळ्याने गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा गाळ थरांथरांनी साठवला आहे. त्या गाळात परागकण आहेत, आगीतून उरलेले कोळशाचे कण आहेत, पावसाच्या खुणा आहेत. २०१४ मध्ये सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यातून पावसाचा इतिहास वाचला. सुरुवातीची काही सहस्रके भरपूर ओली होती, नंतर मोसमी पाऊस दुबळा होत गेला आणि मध्ये शेकडो वर्षे लांबलेली दोन कोरडी पर्वे आली. पहिले आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, दुसरे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. २०२१ मध्ये रिडेल आणि सहकारी भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी त्याच गाळातले परागकण तपासले. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीपासून पाऊस ओसरू लागला, जंगल मागे हटले आणि गवताळ रान पसरले. हे सगळे शेतीच्या आधी घडले. आगीचे प्रमाण वाढल्याने घडले असेही दिसत नाही. त्यांच्या मते मोकळ्या झालेल्या माळानेच उलट दख्खनमध्ये गुरेपालन आणि शेतीला वाट करून दिली. पाऊस माळाचा जनक आणि माणूस माळाचा उत्तराधिकारी, असा हा क्रम निघाला. शंभर-दीडशे वर्षांचा पडीक जमिनीचा शिक्का त्यामुळे निराधार ठरतो.

गवताची वंशावळ तर याहूनही मागे जाते आणि तिचेही एक टोक विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या शेणाचे जीवाश्म सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीत गवत होते. पण तेव्हा ते झाडांच्या गर्दीत वाढणारे दुय्यम गवत होते. उष्ण, कोरड्या ऋतूत तग धरणारी गवते प्रबळ होऊन मोठी मोकळी राने पसरली, ती आजपासून सुमारे ऐंशी लाख वर्षांच्या अलीकडे. उत्तरेत शिवालिकच्या थरांतल्या कार्बनच्या समस्थानिकांनी हे बदलते पारडे नोंदून ठेवले आहे. वाळवंटाचीही अशीच कथा आहे. गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात राजस्थानातल्या सांभर, डीडवाना अशा तळ्यांच्या गाळातले परागकण तपासले, तेव्हा आज रुक्ष असलेल्या त्या मुलखात काही हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा अधिक ओलावा होता असे दिसले. माळ, जंगल आणि वाळवंट यांच्या सीमा शतकाशतकांत सरकत आल्या आहेत; आज आपण पाहतो ती त्यांची सध्याची जागा आहे.

ब्लॅनफर्डचा जुना प्रश्नही पुन्हा वर आला आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या आयआयटीतल्या सुबिमल घोष यांच्या गटाने दाखवले, की मोसमी हंगामाच्या उत्तरार्धात जमिनीवरच्या झाडोऱ्याने हवेत सोडलेले बाष्प पुन्हा पाऊस होऊन पडते आणि जंगलाची जागा शेतीने घेतल्यामुळे गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येला हा वाटा घटला आहे. वॉकर म्हणाला तसा पावसाचा मूळ स्रोत समुद्रावरच आहे. पण आलेले पाणी फिरवून पुन्हा बरसवण्यात रानाचाही हात आहे. पाऊस आणि रान हे एकमेकांना घडवतात, हा गिब्सनच्या काळातला कच्चा विचार आता मापाने सिद्ध होऊन परतला आहे.

या लांब वाटेच्या शेवटी आपण आज उभे आहोत, आणि आजचे प्रश्न याच वाटेवरून आले आहेत. १९७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. २००० नंतर कोहा, कुंड, बोरी अशी गावे जंगलाच्या गाभ्यातून बाहेर वसवली गेली आणि त्यांच्या शेतांच्या जागी कुरणे उभी राहिली. एवढ्या पावसात ती राखावी लागतात, नाहीतर झाडोरा त्यांवर हळूहळू चढेल. तिकडे वाशीम जिल्ह्यात २००० मध्ये कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य झाले, जिथे अकोल्याइतक्याच पावसावर माळ आपल्या बळावर टिकतो. त्याच माळरानांत तणमोर येतो आणि फासेपारध्यांना गवताची, पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे. २०१६ ते २०१९ या काळात राज्यभर कोट्यवधी झाडे लावण्याची मोहीम झाली. त्यामागची कळकळ खरी होती. पण खड्डा खणण्यापूर्वी त्या जागेचा पाऊस, त्याचे कोरडे महिने आणि मातीची खोली विचारात घेतली पाहिजे. सातशे-आठशे मिलिमीटरच्या माळावर दाट झाडी लादणे म्हणजे गवत, काळवीट, तणमोर आणि त्यावर जगणारी गुरे-माणसे यांच्यावर अन्याय करणे आहे. दोन हजार वर्षांच्या निरीक्षणाचा तो अनादरही आहे.

आणि पाऊस स्वतःही बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. वर्षाची बेरीज तीच राहिली, तरी ती चार-दोन तडाख्यांत संपली, तर रानासाठी ते वर्ष वेगळेच असते. पाणी वाहून जाते, मधले कोरडे दिवस लांबतात आणि सीमारेषेवरचा मुलूख गवताकडे झुकतो. म्हणून यापुढे आपल्याला दोन कामे एकत्र करावी लागतील. मेळघाटचा साग आणि पूर्णेकाठचा माळ दोन्हींना सारख्या योग्यतेने राखायचे, आणि प्रत्येक गावाचा पाऊस महिन्याच्या, नक्षत्राच्या, दिवसाच्या मापाने नोंदत राहायचा. कौटिल्याने कोठाराच्या आवारात भांडे ठेवले ते पेरणीचा अंदाज बांधण्यासाठी. आज तीच नोंद आपल्याला सांगेल, की वऱ्हाडात पुढच्या शंभर वर्षांत जंगलाने कुठे थांबावे आणि माळाने कुठे सुरू व्हावे. तिथे काय लावायचे आणि काय मोकळे ठेवायचे, हे त्या नोंदीवरून ठरले पाहिजे.